व्ह्यूचं भाडं कोणाला?

बालीत उबुदच्या आसपास भातखाचरांमधल्या महागड्या व्हिला बघायला घेतल्या की बऱ्याच ठिकाणी खोलीचे दोन दर दिसतात, एक गार्डन व्ह्यू आणि एक राइस फील्ड व्ह्यू, आणि दुसरा पहिल्यापेक्षा चांगलाच चढा. बेड तोच, बाथटब तोच, नाश्ताही तोच, फरक फक्त खिडकीतून काय दिसतं एवढाच. म्हणजे वरचे जे पैसे आपण मोजतो ते सरळ सरळ त्या भाताचे आहेत. आता हे पैसे भात लावणाऱ्याला मिळतात का? बहुतेक ठिकाणी दमडीही नाही. व्हिला ज्या जमिनीवर उभी आहे त्याचं भाडं त्या जमिनीच्या मालकाला मिळालेलं असतं, पण खिडकीतून जी चाळीस-पन्नास खाचरं दिसतात ती दुसऱ्यांची असतात आणि त्यांना कोणी विचारलेलंही नसतं. माझं म्हणणं साधं आहे, व्ह्यू विकायचा असेल तर व्ह्यू तयार करणाऱ्याला त्यात हिस्सा पाहिजे, आणि तो मेहेरबानी म्हणून नको, बिलातली एक ओळ म्हणून पाहिजे.

आधी एक गैरसमज काढून टाकूया. ती हिरवी पायऱ्यापायऱ्यांची उतरण म्हणजे निसर्ग वगैरे काही नाही. डोंगरउतारावर माणसांनी हाताने बांध घातलेत, सपाटी केलीये, कुठे कुठे खडकातून बोगदे खणून पाणी आणलंय आणि हे काम हजारेक वर्षं चालू आहे, बालीतल्या अकराव्या शतकातल्या लेखांमध्ये सुबाकचा उल्लेख सापडतो. सुबाक म्हणजे एका पाण्याच्या स्रोतावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांची संघटना, तिचे स्वतःचे लेखी नियम असतात त्यांना आविग-आविग म्हणतात, तिचा प्रमुख पेकासेह, म्हणजे आपला पाटकरी आणि पंच एकाच माणसात. तिची देवळं वेगळी, तिची वर्गणी वेगळी, पाट साफ करायच्या दिवशी न आलेल्याला दंड. 2012 मध्ये युनेस्कोने बालीतली अशी काही ठिकाणं, एकूण 19,500 हेक्टर, जागतिक वारसा यादीत घेतली तेव्हा यादीत नाव सुबाक पद्धतीचं लागलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. नुसत्या देखाव्यासाठी तो मान मिळालेला नाही, व्यवस्थेसाठी मिळालाय.

ही व्यवस्था बघायची असेल तर इन्फिनिटी पूलच्या काठावरून उठून पाटाच्या कडेला जावं लागतं. तिथे पाटात एक आडवं लाकूड टाकलेलं दिसेल, त्याला तेंबुकू म्हणतात. त्या ओंडक्याला खाचा पाडलेल्या असतात, एक अरुंद, एक रुंद, आणि ज्याची जमीन जेवढी त्या मापात त्याच्या खाचेतून पाणी जातं. मीटर नाही, कुलूप नाही, सगळं उघड्यावर, येणारा जाणारा कोणीही बघू शकतो कोणाला किती चाललंय ते. कोणी रात्री येऊन खाचेत दगड सरकवला तर सकाळी खालच्याला लगेच कळतं. आणि हे लाकूड कुजतं, खाच झिजते, पाटात गवत माजतं, वरून पालापाचोळा आणि हल्ली प्लास्टिक वाहून येतं, ते सगळं कोणीतरी कुदळ घेऊन काढत असतो. मी अशाच एका व्हिलात राहिलोय, ठिकाण सुंदर होतं यात वादच नाही, आणि सकाळी समोरच्या पाटात एक म्हातारे गृहस्थ गुडघाभर पाण्यात उभे राहून गाळ काढत होते, गाळाबरोबर शॅम्पूच्या छोट्या बाटल्या, एक स्लीपर, स्ट्रॉ, हे सगळं बांधावर ठेवत होते नीट. इकडे पूलमध्ये तरंगत्या ट्रेवर नाश्ता आला होता आणि आमच्यातलेच एक दोघं ते म्हातारबुवा फ्रेममध्ये यावेत म्हणून ट्रे इकडून तिकडे ढकलत होते. त्या बाटल्या कुठून आल्या असतील याचा विचार मला तिथे बसूनही करावासा वाटला, कारण तसल्याच बाटल्या आमच्या बाथरूममध्ये होत्या.

बरं, गाळ आणि प्लास्टिक हा वरवरचा भाग झाला. खरा घोटाळा खोलवर आहे आणि तो समजायला जरा इतिहास लागतो. 1970 च्या दशकात इंडोनेशियाच्या सरकारने हरित क्रांतीच्या जोरात बालीच्या शेतकऱ्यांना सांगितलं की नवीन लवकर येणारी वाणं लावा, जमेल तेवढ्या वेळा लावा, देवळाने ठरवलेल्या तारखांची वाट बघू नका. पहिली काही पिकं जोरात आली आणि मग तुडतुडे, उंदीर, टुंग्रोसारखे रोग यांनी शेतं साफ केली. स्टीफन लान्सिंग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने हे बारकाईने अभ्यासलं आणि जेम्स क्रेमर या शास्त्रज्ञाबरोबर कॉम्प्युटरवर मॉडेल करून दाखवलं की पाण्याची देवळं पेरणीच्या तारखा ठरवतात त्यामागे पक्का व्यवहार आहे. अख्ख्या खोऱ्याने एकदम लावणी केली आणि एकदम कापणी केली की मध्ये काही आठवडे सगळीच खाचरं रिकामी राहतात आणि किडीला खायला काही उरत नाही, ती मरते. पण सगळ्यांनी एकदम लावणी केली तर सगळ्यांना पाणी एकदम लागणार आणि खालच्याला कमी पडणार, मग तारखा गटागटाने पुढे मागे करायच्या, किती करायच्या ते देवळात बसून ठरवायचं.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की वरचा शेतकरी खालच्याला पाणी का देतो याचं उत्तर. तो काही साधुसंत नाही. वरच्याला पाण्याची चिंता नसतेच, पाणी आधी त्याच्याकडेच येतं, पण त्याला किडीची भीती असते, आणि खालच्याला पाणी मिळालं नाही तर तो वेगळ्या वेळी लावणी करणार, मग खालच्याची कीड उडून वरच्याच्या शेतात येणार. म्हणून वरचा मुकाट पाणी सोडतो आणि खालचा वेळापत्रक पाळतो. दोघांना एकमेकांची गरज आहे म्हणून हे टिकलंय.

आता या उतारावर वरच्या अंगाला एक व्हिला आणून ठेवा. व्हिलाला तुडतुड्यांची भीती नाही. तिचं काहीच खालच्या माणसाच्या हातात नाही. तिने पाट अरुंद केला, पार्किंगसाठी वरून स्लॅब टाकला, लाँड्रीचं पाणी त्यात सोडलं तर खालचा शेतकरी तिचं काय वाकडं करणार? सुबाकचा दंड सुबाकच्या सभासदाला, व्हिला सभासदच नाही. पाट साफ करायला कोणी येत नाही, देवळाच्या वर्गणीत नाव नाही. एक व्हिला आली तर चालून जातं, पण उतारावर अशा दहा आल्या की उरलेल्या शेतकऱ्यांवर तेवढ्याच लांबीचा पाट साफ करायचा बोजा पडतो, माणसं मात्र कमी. शिवाय खाचरं कमी झाली की उंदीर आणि पाखरं उरलेल्या तुकड्यांवर तुटून पडतात. शेतकरी वैतागून जमीन भाड्याने देतो आणि मग आपण म्हणतो बघा त्याने स्वतःहूनच दिली.

इथे हमखास मुद्दा येतो की अहो जमीन त्याची, त्याला पैसे हवेत, तुम्ही कोण त्याला गरीब राहून सुंदर दिसायला सांगणारे. मुद्दा खरा आहे आणि मला तो पूर्ण मान्य आहे, कोणाही माणसाने दुसऱ्याच्या फोटोसाठी चिखलात राबत राहावं अशी सक्ती करता येत नाही. पण मग हा सौदा नक्की कोणाकोणात होतो तेही बघा ना. इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला तिथे पूर्ण मालकी मिळत नाही, म्हणून जमीन पंचवीस तीस वर्षांच्या लीजवर घेतली जाते, भाव आर मध्ये चालतो, एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि पैसे सहसा आगाऊ. पैसे मालकाला मिळतात. पण अनेक खाचरं कसणारा माणूस मालक नसतोच, तो वाट्याने करत असतो, आणि ज्या दिवशी लीजवर सही होते त्या दिवशी त्याचं काम संपतं, त्याला कोणी नोटरीकडे बोलवत नाही. दुसरं, शेजारचा ज्याला जमीन द्यायची नाहीये त्याचंही काही चालत नाही, कारण जमिनीवरचा कर सरकारी मूल्यांकनावर आहे, आजूबाजूला व्हिला आल्या की मूल्यांकन चढतं आणि भात पिकवणाऱ्याला व्हिलाच्या भावाने कर बसायला लागतो. काही ठिकाणी भातजमिनीला सवलत दिली आहे, चांगलंच आहे, पण सवलत द्यावी लागली यातच काय ते आलं. तेव्हा स्वतःहून दिली हे वाक्य मला जरा घाईचं वाटतं.

नोकऱ्यांचं म्हणाल तर हो, नोकऱ्या आहेत. शेतकऱ्याची मुलगी रिसेप्शनला, मुलगा ड्रायव्हर, घरात दर महिन्याला ठराविक पैसा येतो आणि भातावर तो येत नाही, कारण अर्धा हेक्टरसुद्धा नसलेल्या जमिनीत घर चालत नाही. ह्याला नाकारणारे लोक एकतर तिथे गेलेले नसतात किंवा फक्त योगा करायला गेलेले असतात. पण 2020 मध्ये काय झालं तेही आठवा, विमानं बंद झाली आणि त्या एका वर्षात बालीची अर्थव्यवस्था 9 टक्क्यांहून जास्त आकसली, आणि हॉटेलातून घरी बसलेली माणसं गावाकडे परत गेली, शेतावर. ज्यांची शेतं शिल्लक होती ती. म्हणजे पर्यटन बुडालं तर शेत सांभाळून घेतं, शेत बुडालं तर पर्यटन सांभाळेल का याची मला शंका आहे, कारण व्ह्यूच नसला तर राइस फील्ड व्ह्यूवाला येणार कशाला.

आणि येणारे थोडेथोडके नाहीत. बालीची लोकसंख्या साधारण 44 लाख, 2024 मध्ये आलेले परदेशी पर्यटक 63 लाखांच्या आसपास, त्यात ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल नंबर भारताचा. त्यामुळे हा विषय तिकडचा म्हणून सोडून देता येत नाही, आपली मंडळी त्या पूलमध्ये आहेत, हनिमूनला आहेत, ऑफिसच्या ऑफसाइटला आहेत.

पाहुण्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. भात हिरवंगार दिसतं ते एका पिकात फार तर दीड दोन महिने. त्याआधी चिखल आणि त्यात चमकणारं पाणी, नंतर पिवळं, मग कापणी, मग नुसती खुंटं आणि त्यात सोडलेली बदकं, कुठे कुठे पेंढा जाळल्याचा धूर. जाहिरातीत मात्र बारा महिने हिरवं. मग लोक रिव्ह्यूत लिहितात की समोर नुसता चिखल होता, बेडकांनी झोपू दिलं नाही, कोंबडे पहाटे चारला सुरू होतात. अशा तक्रारींना घाबरून समोरचा एखादा तुकडा स्वतःच भाड्याने घेऊन तिथे शोभेपुरतं भात ठेवायचं हा प्रकारही होतो. हे मला सगळ्यात हास्यास्पद वाटतं. खोऱ्याचं वेळापत्रक पाळायचं सोडून पाहुण्यांच्या सीझनप्रमाणे लावणी, म्हणजे हरित क्रांतीत जी चूक खताच्या गोणीसकट आली होती तीच आता योगा मॅटसकट येतेय.

डिसेंबर 2025 मध्ये जातीलुविहला जे झालं ते मात्र ज्यांनी कोणी केलं त्यांना माझा सलाम. जातीलुविह ताबानान जिल्ह्यात आहे, युनेस्कोच्या यादीतलं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण. तिथे खाचरांच्या भागातली काही बांधकामं नियमबाह्य म्हणून अधिकाऱ्यांनी बंद केली, त्यात स्थानिकांचीच छोटी दुकानं, खाण्याच्या टपऱ्या वगैरे होत्या. शेतकऱ्यांनी काय केलं, तर आपल्याच खाचरांमध्ये पत्रे उभे केले, चकचकीत जस्ताचे पत्रे, की घ्या आता फोटो. मोर्चा नाही, दगडफेक नाही, नुसता व्ह्यू बंद. एवढ्या थोडक्यात एवढं अचूक कोणी सांगितलं नसेल की हा व्ह्यू आमचा आहे आणि तो चालू ठेवायचा की नाही हे आम्ही ठरवू शकतो. आता नियमाच्या बाजूने बोलायचं तर टपरीही बांधकामच, आज टपरी उद्या दोन मजले, हे खरं. पण ज्याच्या शेताकडे बघायला जग येतं त्याला तिथे नारळपाणी विकायची मुभा नाही आणि त्याच बेटावर दुसरीकडे भातजमिनीत पूल खणले जातात, हे त्याने कसं पचवायचं? नियम हवेतच, पण आधी कोणाला लावायचे हा प्रश्न उरतोच.

सरकार काहीच करत नाही असंही नाही. शेतजमीन वाचवायचा राष्ट्रीय कायदा 2009 पासून आहे. 2024 मध्ये बालीत नव्या हॉटेल-व्हिलांवर स्थगितीची बरीच चर्चा झाली. सप्टेंबर 2025 च्या पुरात माणसं गेली, आणि त्यानंतर गव्हर्नरांनी शेतजमिनीवर नवीन हॉटेल आणि रेस्टॉरंटना परवानगी बंद करायचं जाहीर केलं. खाचर म्हणजे पावसाचं पाणी अडवणारी बशी असते, त्यावर काँक्रीट घातलं की ते पाणी रस्त्यावर येणार, यात गूढ काही नाही. पण घोषणा पूर आल्यावरच होतात आणि बंदी फक्त नव्याला. जे आधीच उभं आहे त्याचं काय, यावर फारसं कोणी बोलत नाही, आणि माझा मुद्दा तिथलाच आहे.

14 फेब्रुवारी 2024 पासून बाली प्रत्येक परदेशी पर्यटकाकडून 1 लाख 50 हजार इंडोनेशियन रुपिया घेते, संस्कृती आणि पर्यावरणाच्या नावाने. ठीक आहे, आकडा ऐकायला मोठा, आपल्याला जड नाही. पण तो बॅकपॅक घेऊन डॉर्ममध्ये राहणाऱ्यालाही तेवढाच आणि भाताच्या मधोमध खासगी पूलवाल्यालाही तेवढाच, आणि तो प्रांताच्या तिजोरीत जातो, कोणत्या व्हिलामुळे कोणत्या पाटाचं काय झालं याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. महागड्या व्हिलाच्या बिलावर टॅक्स आणि सर्व्हिस चार्ज मिळून साधारण 21 टक्के लागतातच, ते आपण न कुरकुरता देतो. त्याच बिलात एक तिसरी ओळ घाला, सुबाकचा हिस्सा. ज्या सुबाकची खाचरं खिडकीतून दिसतात त्याच सुबाकच्या खात्यात थेट. किती टक्के ते त्यांनी आपसात बसून ठरवावं, मला आकडा सुचवायचा अधिकार नाही. पण पैसा एकट्या दुकट्या शेतकऱ्याला न देता सुबाकला द्यायचा, कारण व्ह्यू कोणा एकाच्या खाचराचा नसतोच, तो सगळ्या उताराचा असतो, आणि एकेकट्याला दिला तर रस्त्यालगतच्याला जास्त, मागच्याला काहीच नाही, आणि भांडणं सुरू.

फक्त पैसा देऊनही भागणार नाही. व्हिला सुबाकच्या नियमाखाली यायला पाहिजे. पाटावर स्लॅब टाकायचा असेल तर सुबाकची परवानगी, सांडपाणी पाटात गेलं तर सुबाकचा दंड, साफसफाईच्या दिवशी व्हिलाचा माणूस हजर, मॅनेजर आला तर उत्तम. पूलचं पाणी बदलतात ते कुठे सोडतात? आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, दीड मीटर खोल पूल म्हणजे 48 हजार लिटर होतं, क्लोरीनसकट, ते कुठेतरी जातंच. यावर मला एकाने सांगितलं की एवढी बंधनं घातली तर गुंतवणूकदार येणार नाही. नाही आला तर शेतात नाही आला, गावात येईल, रस्त्याकडेला येईल, बालीत जागा फक्त भाताखालीच शिल्लक आहे असं नाही. भाताच्या मधोमध झोपायचा हट्ट कशाला? काठावरून भात जास्त चांगलं दिसतं, आणि काठावर आधीच घरं आहेत, त्यात खोल्या भाड्याने मिळतात, त्या लक्झरी नसतील पण कोंबडा तोच आहे.

शेवटी लीज संपण्याचा प्रश्न, ज्याच्याबद्दल मी कुठेच फार वाचलं नाही. पंचवीस तीस वर्षांनी जमीन मालकाच्या किंवा त्याच्या मुलांच्या हातात परत येणार, पण ती खाचर म्हणून येणार नाही. वर्षानुवर्षं चिखलणी करून खाली जो घट्ट थर तयार होतो, ज्यामुळे खाचरात पाणी उभं राहतं, तो पाया खणताना फुटलेला असतो, पाटाची वाट वळवलेली, तेंबुकूतली त्या जमिनीची खाच केव्हाच बुजवलेली. त्या मुलाला शेती करायची म्हटली तरी करता येणार नाही, त्याच्याकडे परत लीजवर देणं एवढाच धंदा उरतो. म्हणून करारातच लिहून घेतलं पाहिजे की पाटाचा हक्क कायम राहील, पाणी पुढे जाण्याची वाट बंद होणार नाही, आणि मुदत संपल्यावर पूल कोणाच्या खर्चाने बुजवायचा. आज नोटरीसमोर जमीनमालक आणि भाडेकरू दोघंच बसतात. तिसरी खुर्ची पेकासेहची असली पाहिजे आणि त्याच्या सहीशिवाय करार पक्का होऊ नये, आणि हे होत नाही तोवर बंदी पूर ओसरल्यावर ढिली न करता भाताच्या जमिनीत एकही नवीन परवाना देऊ नये, मग तो आपल्यासारख्या पाहुण्यांसाठी मागितलेला का असेना.